अँथम गेल्यावर सिंह का मेला: मॅजिक: द गॅदरिंगमधील एका पाळीचा प्रकरण अभ्यास

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ मध्ये बाजारात आणला. त्यातील प्रत्येक प्राण्याच्या कार्डावर खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा म्हणजे पॉवर, अर्थात तो प्राणी किती इजा करतो. दुसरा म्हणजे टफनेस, अर्थात एका पाळीत किती इजा झाल्यावर तो मरतो. हे आकडे वाढवणारी कार्डे पहिल्या संचापासूनच आहेत. ती कार्डे वाचायला सोपी असली, तरी टेबलावर होणाऱ्या वादांपैकी बरेचसे त्यांच्यावरूनच होतात. माझ्या मते याचे कारण असे, की खेळाडू वाढीचा आकडा पाहतो, पण ती वाढ कशाच्या आधारावर उभी आहे हे पाहत नाही. +१/+१ ही वाढ प्राण्यावर ठेवलेल्या काउंटरमुळे (मणी किंवा फासा अशा खुणेमुळे) असेल, टेबलावर मांडलेल्या दुसऱ्या एखाद्या कार्डामुळे असेल, किंवा केवळ चालू पाळीपुरती असेल; आकडा तोच असला तरी तिन्हींचे आयुष्य वेगळे असते, आणि ती वाढ केव्हा व कशी संपते यावर प्राण्याचे जगणे-मरणे ठरते.

पुढे दिलेली पाळी अभ्यासासाठी मुद्दाम रचलेली आहे. कार्डे मात्र सर्व खरी आहेत, आणि ती निवडताना तिन्ही प्रकारची वाढ एकाच पाळीत, एकाच प्राण्यावर एकत्र येईल असे पाहिले आहे. त्यातली बहुतेक कार्डे १९९३ च्या पहिल्या संचापासून चालत आलेली असल्याने जुन्या खेळाडूंना ती तोंडपाठ असतील.

मांडणी

पाळी ज्याची आहे त्याला आक्रमक म्हणू, आणि समोरच्याला बचावकर्ता. आक्रमकाकडे सहा लँड आहेत. लँड हे कार्ड दर पाळीला एक माना देते, आणि इतर कार्डे टाकण्याचा खर्च मानांत भागवला जातो. रणभूमीवर त्याचे दोन प्राणी आहेत: सव्हाना लायन्स, छापील आकडे २/१, आणि ग्रिझली बेअर्स, छापील आकडे २/२. सोयीसाठी त्यांना सिंह आणि अस्वल म्हणू. शिवाय त्याचे ग्लोरियस अँथम हे एन्चांटमेंट, म्हणजे टेबलावर राहून परिणाम करणारे जादूचे कार्ड, मांडलेले आहे. १९९८ च्या अर्झाज सागा या संचातील या कार्डावर एकच वाक्य आहे: तुमच्या ताब्यातील प्राण्यांना +१/+१ मिळते. त्यामुळे पाळी सुरू होताना सिंह ३/२ आहे आणि अस्वल ३/३.

बचावकर्त्याकडे चार लँड मोकळ्या आहेत. त्याच्या बाजूला सेरा एंजल ही ४/४ ची उडणारी प्राणी आणि पर्ल्ड युनिकॉर्न हा २/२ चा प्राणी आहे. हातात दोन इन्स्टंट, म्हणजे समोरच्याच्या पाळीतही टाकता येणारी कार्डे, आहेत. पहिले टर्न टू फ्रॉग, जे निवडलेल्या प्राण्याच्या सर्व क्षमता पाळीच्या शेवटापर्यंत काढून घेते आणि त्याला मूळ आकडे १/१ असलेला निळा बेडूक बनवते. दुसरे डिसएन्चांट, जे एक आर्टिफॅक्ट किंवा एन्चांटमेंट नष्ट करते.

आक्रमक पहिल्या मुख्य टप्प्यात चार माना देऊन अजानी गोल्डमेन हा प्लेन्सवॉकर, म्हणजे खेळाडूच्या बाजूने क्षमता वापरणारा साथीदार, मांडतो. २००७ च्या लॉर्विन संचातील अजानी चार लॉयल्टीसह (क्षमता वापरताना कमी-जास्त होणारे गुण) येतो, आणि एक लॉयल्टी खर्च करून तो मालकाच्या प्रत्येक प्राण्यावर एकेक +१/+१ काउंटर ठेवतो. त्या प्राण्यांना पाळीच्या शेवटापर्यंत व्हिजिलन्सही मिळते, म्हणजे एरवी हल्ला करणाऱ्या प्राण्याचे कार्ड वापरल्याची खूण म्हणून आडवे केले जाते, तसे ते आडवे होत नाहीत. आक्रमक ही क्षमता लगेच वापरतो. सिंह ४/३ होतो, अस्वल ४/४ होते. त्यानंतर तो एका मानात लानोवार एल्व्हज मांडतो, ज्यांचे छापील आकडे १/१ आहेत. एल्व्हज रणभूमीवर पाऊल ठेवताच २/२ होतात, कारण अँथम त्यांनाही लागू आहे. काउंटर मात्र त्यांना मिळत नाही.

इथे पहिला फरक दिसतो आणि त्यावर वाद होत नाही, म्हणून तो बहुधा नजरेतून सुटतो. अँथमची वाढ कुणालाही एकदा ‘देऊन’ झालेली नसते. नियमावलीतील ६११.३अ हे कलम सांगते, की स्थिर क्षमतेचा, म्हणजे कार्ड मांडलेले असेपर्यंत आपोआप चालू राहणाऱ्या क्षमतेचा, परिणाम कोणत्याही एका क्षणी गोठवला जात नाही. त्या त्या घडीला कार्डावरील वाक्य ज्यांना लागू होते त्या सर्वांवर तो चालू असतो. अजानीने काउंटर ठेवणे ही उलट एकदा घडून संपलेली कृती आहे. त्या क्षणी जे प्राणी होते त्यांना काउंटर मिळाले, जे नंतर आले त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. याच न्यायाने १९९७ च्या टेम्पेस्टमधील ओव्हररन हे कार्ड सर्व प्राण्यांना पाळीच्या शेवटापर्यंत +३/+३ देते, तरी त्याच पाळीत नंतर आलेल्या प्राण्याला त्यातले काही मिळत नाही, कारण सोडवणूक झालेल्या, म्हणजे सुटून अमलात आलेल्या, कार्डाचा आकडे बदलणारा परिणाम कोणाकोणाला लागणार ती यादी कलम ६११.२क नुसार सुरुवातीलाच ठरते.

हल्ला आणि पहिला वाद

आक्रमक सिंह आणि अस्वल घेऊन हल्ला करतो. बचावकर्ता सिंहासमोर युनिकॉर्न आणि अस्वलासमोर एंजल उभी करतो. त्याचा हिशेब सरळ आहे: टर्न टू फ्रॉगने अस्वल लहान झाले, तर एंजल त्याला मारेल आणि स्वतः वाचेल. तो टर्न टू फ्रॉग अस्वलावर टाकतो. त्याला उत्तर म्हणून आक्रमक शेवटचा माना खर्च करून अस्वलावर जायंट ग्रोथ टाकतो, ज्याने निवडलेल्या प्राण्याला पाळीच्या शेवटापर्यंत +३/+३ मिळते.

नंतर टाकलेले कार्ड आधी सुटते, म्हणून जायंट ग्रोथ पहिल्यांदा सुटते आणि अस्वल ७/७ होते. मग टर्न टू फ्रॉग सुटते. बचावकर्ता म्हणतो, की आता अस्वल १/१ झाले. बेडकाचे कार्ड सर्वांत शेवटी सुटले असून त्यात सर्व क्षमता जातात असे स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा आधीची सगळी वाढ पुसली गेली. आक्रमक म्हणतो, की अस्वल ६/६ आहे.

आक्रमकाचे बरोबर आहे. बचावकर्त्याच्या युक्तिवादात दोन निरनिराळ्या चुका एकत्र आल्या आहेत.

पहिली चूक क्षमतेविषयीची. अस्वलाची वाढ ही अस्वलाची क्षमता नाही. अँथमची वाढ अँथमच्या क्षमतेतून येते आणि बेडकाने अँथमला हात लावलेला नाही. जायंट ग्रोथची वाढ एका सुटून गेलेल्या कार्डाचा परिणाम आहे. काउंटर ही तर कार्डावर ठेवलेली खूण आहे. अस्वलाने गमावलेली एकमेव क्षमता म्हणजे अजानीकडून मिळालेली व्हिजिलन्स, आणि हल्ला जाहीर होऊन गेल्यामुळे तिच्या जाण्याने काही बिघडत नाही. उभे राहिलेले अस्वल उभेच राहते.

दुसरी चूक क्रमाविषयीची, आणि ती अधिक खोल आहे. सतत चालू असलेले परिणाम ज्या क्रमाने टेबलावर आले त्या क्रमाने लागू होत नाहीत. प्राण्याचे आकडे हवे असतील तेव्हा खेळ कार्डावरील छापील मजकुरापासून नव्याने सुरुवात करतो आणि कलम ६१३ मध्ये दिलेल्या सात थरांतून, म्हणजे लेयरांतून, क्रमाने खाली येतो. पहिल्या थरात नक्कल करणारे परिणाम, दुसऱ्यात ताबा बदलणारे, तिसऱ्यात मजकूर बदलणारे, चौथ्यात प्रकार बदलणारे, पाचव्यात रंग बदलणारे, सहाव्यात क्षमता देणारे वा काढून घेणारे, आणि सातव्यात पॉवर व टफनेस. सातव्या थराचेही भाग आहेत: ७अ मध्ये प्राण्याचे आकडे ठरवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या क्षमता, ७ब मध्ये आकडे ठरावीक मूल्यावर नेणारे परिणाम, ७क मध्ये आकड्यांत वाढ किंवा घट करणारे परिणाम आणि काउंटर, आणि ७ड मध्ये पॉवर व टफनेस यांची अदलाबदल. कोण आधी आले आणि कोण नंतर, हा प्रश्न एकाच थरातील दोन परिणामांमध्येच उपस्थित होतो.

या थरांतून अस्वलाला उतरवून पाहू. चौथ्या थरात ते बेडूक होते, पाचव्यात निळे होते, सहाव्यात व्हिजिलन्स गमावते. ७ब मध्ये त्याचे मूळ आकडे २/२ ऐवजी १/१ होतात. त्यानंतरच्या ७क मध्ये अँथमचे एक, काउंटरचे एक आणि जायंट ग्रोथचे तीन असे पाच मिळतात. उत्तर ६/६. जायंट ग्रोथ आधी सुटले की नंतर, याने या उत्तरात तसूभरही फरक पडत नाही. बेडकाने अस्वलाकडून फक्त एक पॉवर आणि एक टफनेस काढून घेतला, कारण त्याला फक्त मूळ आकड्यांवर अधिकार आहे. पूर्वीच्या नियमावलीत काउंटरांसाठी स्वतंत्र उपथर होता आणि तो वाढ-घट करणाऱ्या परिणामांच्या नंतर यायचा. बेरीज-वजाबाकी कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येते, त्यामुळे पुढे ते दोन्ही एकत्र केले गेले, आणि मला हा बदल अत्यंत समंजस वाटतो, कारण पाठ करण्याचे एक कलम त्याने कमी केले.

अनेक जण ही थरांची व्यवस्था म्हणजे पंचांनाच कळणारे अवजड प्रकरण मानतात. मी तसे मानत नाही. तिच्याशिवाय प्रत्येक वेळी कोणते कार्ड कधी आले याची संपूर्ण हकिकत दोन्ही खेळाडूंना लक्षात ठेवावी लागली असती, आणि पाच-सहा पाळ्यांनंतर त्यावर एकमत होणे अशक्य झाले असते. थर असल्यामुळे बहुतेक वेळा टेबलाकडे पाहून उत्तर काढता येते.

वाद मिटतो आणि इजा होते. अस्वल एंजलला सहा इजा करते, एंजल मरते. एंजल अस्वलाला चार इजा करते. टफनेस सहा असल्याने अस्वल वाचते. सिंह युनिकॉर्नला चार इजा करून मारतो, आणि युनिकॉर्नने केलेली दोन इजा अंगावर घेऊन तीन टफनेसच्या बळावर जिवंत राहतो.

दुसरा वाद: वाचलेला सिंह

आक्रमक दुसऱ्या मुख्य टप्प्यात काही करत नाही. पाळीचा शेवटचा टप्पा येतो, आणि त्यात बचावकर्ता डिसएन्चांट टाकून अँथम नष्ट करतो. लगेच तो म्हणतो, की सिंह मेला. आक्रमकाला हे अन्यायाचे वाटते. लढाई संपली, सिंह तीतून वाचला, त्यानंतर त्याला कोणी बोटही लावलेले नाही. मग तो आता कशाने मरतो?

इथे बचावकर्त्याचे बरोबर आहे, आणि या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी जागा मला हीच वाटते.

या खेळात इजा टफनेसमधून वजा होत नाही. ती प्राण्यावर नोंदवली जाते आणि पाळी संपेपर्यंत तिथेच राहते. दोन इजा झालेला सिंह म्हणजे टफनेस एक उरलेला सिंह नव्हे. तो टफनेस तीन असलेला आणि दोन इजेची नोंद असलेला सिंह आहे. कलम ७०४.५ग म्हणते, की टफनेस शून्याहून अधिक असलेल्या प्राण्यावर नोंदवलेली एकूण इजा त्याच्या टफनेसइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तर तो नष्ट होतो. ही तपासणी लढाईपुरती नाही. कोणत्याही खेळाडूला काही करण्याची संधी मिळण्याच्या आधी प्रत्येक वेळी खेळ ती करतो, आणि त्या क्षणाचा टफनेस त्या क्षणाच्या नोंदीशी ताडून पाहतो. अँथम जाताच सिंहाचे आकडे छापील २/१ अधिक काउंटरचा एक, म्हणजे ३/२ झाले. नोंद दोनची आहे. सिंह नष्ट होतो.

अँथमने लढाईत सिंहाला ‘वाचवले’ ही समजूतच इथे आड येते. अँथमने सिंहाला वाचवलेले नव्हते. पाळी संपेपर्यंत त्याने सिंहाला पेलून धरायला हवे होते आणि तेवढा वेळ ते टिकले नाही. दुसऱ्या कार्डावर उभी असलेली वाढ त्या कार्डासोबत जाते, आणि तिच्या भरवशावर जो घाव सोसला तो मागे उरतो.

त्याच तपासणीत बाकीच्या दोघांचे काय झाले तेही पाहायला हवे. एल्व्हज २/२ वरून १/१ झाले, पण त्यांच्यावर इजेची नोंद नाही, म्हणून ते सुखरूप आहेत. अस्वल मूळ १/१, काउंटरचा एक आणि जायंट ग्रोथचे तीन धरून ५/५ वर आले. नोंद चारची आहे. एका गुणाने ते वाचले.

बचावकर्त्याने साधलेली वेळही पारखून घेऊ. डिसएन्चांट त्याने लढाईत इजा होण्याआधी टाकले असते तरी सिंह मेलाच असता, आणि अस्वल तेव्हाही ५/५ राहून वाचले असते, म्हणून एंजल त्याने कोणत्याही मार्गाने वाचली नसती. शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबून त्याने एवढेच साधले, की आक्रमकाला दुसऱ्या मुख्य टप्प्यात बदललेल्या परिस्थितीनुसार चाल करता आली नाही. मात्र यापुढे थांबायला वाव नव्हता. शेवटच्या टप्प्यानंतर आवराआवरीचा टप्पा येतो, ज्यात एरवी कुणालाच कार्ड टाकण्याची संधी मिळत नाही, आणि पुढच्या पाळीत टाकलेल्या डिसएन्चांटने सिंह फक्त ३/२ झाला असता, मेला नसता.

आवराआवरी

कलम ५१४.२ मध्ये एक शब्द फार महत्त्वाचा आहे: एकाच वेळी. आवराआवरीच्या टप्प्यात सर्व इजेच्या नोंदी आणि ‘पाळीच्या शेवटापर्यंत’ चालणारे सर्व परिणाम एकाच वेळी संपतात.

अस्वलावर चार इजेची नोंद आहे. जायंट ग्रोथ संपल्यावर आणि बेडूकपण सरल्यावर ते छापील २/२ अधिक काउंटर, म्हणजे ३/३ होणार आहे. वाढ आधी आणि नोंद नंतर गेली असती, तर मधल्या क्षणी तीन टफनेसवर चार इजा दिसून अस्वल मेले असते. मग जायंट ग्रोथने लढाईत प्राणी वाचवणे म्हणजे त्याचे मरण थोडे पुढे ढकलणे एवढेच उरले असते, आणि अशी कार्डे बचावासाठी कोणी बाळगलीच नसती. दोन्ही गोष्टी एकदम संपत असल्यामुळे जायंट ग्रोथ ही पाळीपुरती वाढ असूनही तिने वाचवलेला प्राणी कायमचा वाचतो. अँथमची वाढ दीर्घकाळ चालणारी असूनही तिने सिंह वाचला नाही, कारण ती पाळीच्या मध्येच, इजेची नोंद शिल्लक असताना गेली. वाढ किती काळ टिकते यापेक्षा ती इजेच्या नोंदीच्या आधी संपते, सोबत संपते की नंतर, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे, आणि नव्या खेळाडूला शिकवताना मी सुरुवात इथूनच करीन.

अँथमच्या जागी तीच वाढ देणारा एखादा प्राणी असता तर चित्र आणखी नाजूक झाले असते. २०१८ च्या डॉमिनारिया संचातील बेनालिश मार्शल हा ३/३ चा प्राणी मालकाच्या इतर प्राण्यांना +१/+१ देतो. तो असता तर बचावकर्त्याला डिसएन्चांटची गरजच नव्हती. लढाईनंतर टर्न टू फ्रॉग मार्शलवर टाकले, की सहाव्या थरात त्याची क्षमता जाते आणि सातव्या थरापर्यंत पोचायला ती उरत नाही. जखमी सिंह त्याच क्षणी मरतो, जरी मार्शल स्वतः रणभूमीवर जिवंत असला. मार्शल आणि सिंह दोघेही एकाच लढाईत असते आणि मार्शल मेला असता, तर पहिल्या तपासणीत मार्शल नष्ट होतो, तिच्या लगेच पाठोपाठ दुसरी तपासणी होते, आणि आधाराविना राहिलेला सिंह त्या दुसऱ्या तपासणीत जातो. वाढ केवळ एका रंगापुरती असेल तरी असाच घात होतो: २००९ च्या ऑनर ऑफ द प्युअर या एन्चांटमेंटने फक्त पांढऱ्या प्राण्यांना +१/+१ मिळते, म्हणून त्यावर विसंबलेल्या सिंहाला निळा बेडूक केले, की पाचव्या थरात रंग बदलल्याने सातव्या थरातील वाढ त्याला लागूच होत नाही. तो मूळचा १/१ आणि काउंटरचा एक धरून २/२ एवढाच उरतो.

पुढची पाळी: काउंटर तरी टिकते का

आता आक्रमकाकडे ३/३ चे अस्वल, १/१ चे एल्व्हज आणि तीन लॉयल्टीचा अजानी आहे. अँथम गेले, जायंट ग्रोथ संपले. अस्वलावर राहिली ती फक्त काउंटरची वाढ. काउंटरचा स्रोत आता काही का होईना, अजानी मेला तरी ते जात नाही, आणि पाळ्या सरल्या तरी संपत नाही. म्हणूनच खेळाडू त्याला कायमची वाढ म्हणतात.

बचावकर्ता आपल्या पाळीत नवे कार्ड उचलतो. ते अनसमन निघते. एका निळ्या मानात अनसमन प्राण्याला मालकाच्या हातात परत पाठवते. आक्रमक पुढच्या पाळीत अस्वल पुन्हा मांडतो तेव्हा ते २/२ असते. कलम ४००.७ नुसार एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलेले कार्ड ही नवी वस्तू ठरते आणि तिला आपल्या आधीच्या अस्तित्वाची आठवण नसते. काउंटर कार्डाच्या कागदाला चिकटलेले नव्हते, रणभूमीवरील त्या अस्तित्वाला चिकटलेले होते, आणि ते अस्तित्व संपले. अँथम अजून टेबलावर असते तर त्याने या नव्या अस्वलालाही विनातक्रार ३/३ केले असते. म्हणजे स्रोतावर घाव घातला तर काउंटर टिकते आणि अँथमची वाढ जाते. प्राण्यावर घाव घातला तर काउंटर जाते आणि अँथमची वाढ टिकते. पत्त्यांच्या जोडात दोन्ही प्रकार ठेवणारे अनुभवी खेळाडू हे जाणूनच ठेवतात.

कागदी खेळात दोन्ही घावांना पुरून उरणारी वाढ दुर्मीळ आहे, पण आहे. २०१३ च्या थेरोस संचातील एल्स्पेथ, सन्स चॅम्पियन सात लॉयल्टी खर्च करून मालकाला एक एम्ब्लेम देते, ज्याने त्याच्या प्राण्यांना +२/+२ आणि उडण्याची क्षमता मिळते. एम्ब्लेम रणभूमीवर नसतेच. ते कमांड झोन या रणभूमीबाहेरच्या वेगळ्या जागेत असते, डिसएन्चांटसारखी कार्डे त्याला स्पर्श करू शकत नाहीत, आणि एल्स्पेथ गेली तरी ते डाव संपेपर्यंत राहते. याहून पुढची पायरी फक्त संगणकावर शक्य झाली. मॅजिक अरीना या डिजिटल खेळात २०२१ च्या जम्पस्टार्ट: हिस्टॉरिक होरायझन्सपासून ‘पर्पेच्युअल’ परिणाम आले, जे कार्डासोबत हातात, गठ्ठ्यात आणि ग्रेव्हयार्डातही (मेलेल्या व वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातही) जातात. पिसलेल्या गठ्ठ्यातील नेमक्या एका कार्डाची वाढ लक्षात ठेवणे टेबलावर बसलेल्या दोन माणसांना अशक्य आहे, म्हणून कागदी नियमांनी विस्मरणाचा मार्ग धरला आणि तो योग्यच होता.

चालींची पारख

आक्रमकाची एक चाल स्पष्टपणे उणी पडली. एल्व्हज त्याने अजानीनंतर मांडले. सहा लँडमध्ये एल्व्हज, अजानी आणि जायंट ग्रोथ यांचा खर्च कोणत्याही क्रमाने भागतो, तेव्हा एल्व्हज आधी मांडले असते तर त्यांनाही काउंटर मिळाले असते आणि अँथम गेल्यावर ते १/१ ऐवजी २/२ राहिले असते. एकदाच घडणारी वाढ वापरण्याआधी जमेल तेवढे प्राणी मांडून घ्यावेत, आणि सतत चालणारी वाढ असेल तर या क्रमाला महत्त्व नाही.

जायंट ग्रोथ मात्र त्याने योग्य जागी वापरले. ते हातात राखून शेवटच्या टप्प्यात डिसएन्चांटच्या उत्तरादाखल सिंहावर टाकले असते, तर सिंह वाचला असता: अँथम गेल्यावरही तो ६/५ राहिला असता, दोन इजेची नोंद त्याला मारू शकली नसती, आणि आवराआवरीत नोंद व वाढ एकदम जाऊन तो ३/२ वर स्थिरावला असता. पण मग बेडूक झालेले अस्वल एंजलसमोर ३/३ वर उभे राहून मेले असते आणि एंजल जिवंत राहिली असती. सिंह गमावून एंजल मारणे हाच सौदा सरस होता.

टेबलावरील खुणांबाबत दोघांनीही शिस्त पाळायला हवी होती. पुष्कळ खेळाडू सगळी वाढ मिळून प्राण्यावर एकच फासा ठेवतात, आणि मग अँथम गेल्यावर त्यातले किती उतरवायचे हे कुणालाच आठवत नाही. फासा फक्त काउंटरसाठी असावा. अँथमची वाढ अँथमकडे पाहून मोजावी. पाळीपुरती वाढ तोंडाने बोलून दाखवावी. आणि इजेसाठी वेगळ्या रंगाचा फासा ठेवावा. या पाळीत असे केले असते तर दुसरा वाद झालाच नसता, कारण सिंहावर दोन इजेचा फासा आणि एक काउंटर डोळ्यांसमोर असताना अँथम उचलल्यावर उरणारा हिशेब कुणालाही दिसला असता.

बचावकर्त्याबाबत इतकेच म्हणता येईल, की त्याच्या हातात चुकीचे उत्तर होते. टर्न टू फ्रॉग मूळ आकड्यांवर चालते, आणि ज्या प्राण्याचे बळ मूळ आकड्यांत नसून बाहेरून आलेल्या वाढीत आहे त्याच्यावर ते वाया जाते. सेरा एंजलसारख्या छापील ४/४ च्या प्राण्यावर तेच कार्ड प्रत्येकी तीन गुण काढून घेते. पुढच्या पाळीत आलेले अनसमन एक पाळी आधी आले असते आणि जायंट ग्रोथ टाकल्यावर ते सुटण्याआधी अस्वलावर टाकले गेले असते, तर अस्वल हातात परत जाऊन काउंटर नाहीसे झाले असते, जायंट ग्रोथला लक्ष्यच न उरल्याने ते निष्फळ ठरले असते, आणि आक्रमकाचे सहाही माना खर्च झालेले असल्याने अस्वल त्या पाळीत पुन्हा मांडताही आले नसते. एंजल जिवंत राहिली असती आणि पुढच्या पाळीत तिने अजानीवर हल्ला चढवला असता.